विषय: धाकटा भाऊ मॉन्ट्रियलला येतोय – शाळा आणि घर

टोरांटोहून
मंडळी, नमस्कार. धाकटा भाऊ, भावजय आणि आठ वर्षांची भाची पुण्याहून पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) मॉन्ट्रियलला येताहेत. दोघंही इंग्रजी माध्यमातले. कॅनडा द्विभाषिक देश, इंग्रजी आणि फ्रेंच, तेव्हा भाचीला इंग्रजी शाळा मिळेलच ना? आणि जाहिरातींत 'साडेतीनचं घर' लिहितात, ते काय?

मॉन्ट्रियलहून
ताई, १९६९च्या कायद्यानं द्विभाषिक झालं ते केंद्र सरकार. दोन्ही भाषा अधिकृत असलेला प्रांत एकच, न्यू ब्रन्सविक. २०२१च्या जनगणनेत दोन्ही बोलता येणारे देशभरात १८ टक्के होते, आमच्या क्वेबेक प्रांतात ४६. पण इथली अधिकृत भाषा फ्रेंचच. १९७७च्या कायद्यानं बाहेरून आलेल्यांची मुलं सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकतात. सूट मिळते ती मुख्यतः आई किंवा वडील कॅनडात इंग्रजीतून शिकलेले असतील तर. पुण्याचं कॉन्व्हेंट धरत नाहीत! आमचा मुलगा पहिले दोन महिने घरी येऊन रडायचा. आता आमच्याशी मराठीत बोलतो आणि बहिणीशी फ्रेंचमध्ये भांडतो.
साडेतीन म्हणजे स्वयंपाकघर, बैठक, झोपायची खोली, बाथरूम अर्धी. साडेतीन शहाण्यांसारखंच, अर्धा कोण ते ठाऊक हवं. तिघांना साडेचार बघा. आणि १ जुलैला येऊ नका. बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात, त्यामुळे त्या दिवशी जो तो फ्रिज खांद्यावर घेऊन बाहेरच्या गोल जिन्यात अडकलेला असतो.

ओटावाहून
इथून पूल ओलांडला की क्वेबेक. चौकातल्या लाल पाटीवर 'स्टॉप'ऐवजी फ्रेंच शब्द, उच्चार 'आरे'. मी वाचून दाखवला तर आई म्हणाली, "अरे काय? पुढे बोल की!" पण भाषा काही पुलापाशी थांबत नाही हं. आमच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या हॉक्सबरीत, पार उत्तरेच्या हर्स्टमध्येही बाजारात फ्रेंचच ऐकू येते. उलट मॉन्ट्रियलच्या पश्चिम टोकाला इंग्रजी. भावाला टोरांटो साडेपाचशे किलोमीटर, शनिवार-रविवार जमेल.

विनिपेगहून
तुमचं बरंय. विंडसर ते क्वेबेक सिटी या तुमच्या पट्ट्यात निम्म्याहून जास्त देश राहतो, म्हणून शनिवार-रविवारच्या गप्पा! आम्हाला टोरांटो सव्वादोन हजार किलोमीटर, त्यात सुपीरियर सरोवराच्या काठानं दिवसभर नुसते खडक आणि झाडं. तरी आम्हीसुद्धा सीमेलगतच. देशातली तीनातली दोन माणसं अमेरिकेच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत राहतात. वर उत्तरेच्या नुनावुत प्रदेशात जवळपास सहा महाराष्ट्रं मावतील, वस्ती २०२१च्या जनगणनेत ३७ हजार. तिथल्या इनुइट लोकांची भाषा इनुक्टिटुट. 'द्विभाषिक देश' म्हणताना ती कुणी मोजत नाही.

टोरांटोहून
सगळ्यांचे आभार. तिकीट ४ जुलैचं काढलंय. भावजय विचारतेय, साडेचारमध्ये तरी बाथरूम पूर्ण असते का?