एसओएचं घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

जुनाजाणता: मोठी प्रणाली फोडून सर्व्हिसेस करायच्या आणि त्या कंपनीभर वापरायच्या, हे एसओए (सर्व्हिस-ओरिएंटेड आर्किटेक्चर) सगळ्यांना पटतं. भांडण पुढे लागतं. आमच्याकडे ग्राहक-माहितीची सर्व्हिस विक्री विभागाच्या बजेटातून झाली. वसुलीवाले ती फुकटात वापरू लागले. लोड वाढला, तेव्हा नव्या सर्व्हरचे पैसे कोणी द्यायचे यावर चार महिने मेलामेली! सर्व्हिसेसचे नियम ठरवणाऱ्या गव्हर्नन्स समितीत सगळे आर्किटेक्ट, म्हणजे प्रणालीची रचना आखणारे. खर्चावर सही करणारा एकही नाही. अशा समितीला गव्हर्नन्स का म्हणायचं?

कोडकरी: मुळात समितीच नको. मंजुरीला तीन आठवडे लागले की टीम गुपचूप थेट डेटाबेसला जोडून घेते. मग तुमचे नियम कागदावर. यूडीडीआय आठवतंय? २००० साली आलेली, सगळ्या सर्व्हिसेस नोंदवायची नोंदवही. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि एसएपी यांनी आपली सार्वजनिक नोंदवही २००६ मध्ये बंदही केली. नोंदी ठेवून कोणी शिस्तीत येत नाही.

रात्रपाळी: ती जगासाठी होती हो, कंपनीच्या आतली नोंदवही वेगळी. आमच्या एका टीमने न सांगता डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिसशी काय देवाणघेवाण करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ग्राहक क्रमांकाचा प्रकार बदलला, इंटचं स्ट्रिंग, म्हणजे आकड्याचा मजकूर. एका शब्दाचा बदल. पहिला अक्षरवाला क्रमांक आला आणि रात्रीचं बिलिंग आडवं. ही सर्व्हिस कोण कोण वापरतं, याची यादीच नव्हती. पहाटेपर्यंत लॉग चाळून ती मी केली. तुमचं स्वातंत्र्य, आमचं जागरण.

कोडकरी: त्याला समिती कशाला? बिल्डमध्येच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार होतानाच, कॉन्ट्रॅक्ट (देवाणघेवाणीचा तो ठरलेला साचा) तपासा. सर्व्हिस वापरणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला मोडणारा बदल पुढे जाऊच देऊ नका. यंत्र रजेवर जात नाही.

रात्रपाळी: बरं, तेवढं मान्य. पण जुनं व्हर्जन बंद कधी करायचं, हे यंत्र सांगेल? एका विभागाचा अहवाल अजून त्यावर चालतो आणि तो बदलायला त्यांच्याकडे माणूस नाही.

जुनाजाणता: हेच तर म्हणतोय. मोडतोड यंत्राने पकडावी, पण बंद करायची तारीख आणि पैसे हा दोन विभागप्रमुखांमधला व्यवहार आहे. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वेने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत संवादाची जशी रचना, तशीच तिची प्रणाली घडते. विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर सर्व्हिसेस काय बोलणार?

कोडकरी: मग त्या दोघांनाच एका खोलीत बसवा. आर्किटेक्टना बाहेर ठेवा, कोड लिहू दे.