पणजी शहरात तीन रात्री, सासूबाई आणि दोन मुलं सोबत: १५ हजारांत जमेल का?

रंकाळाकाठ
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण (मी, नवरा, १० आणि ६ वर्षांची मुलं, सासूबाई) कोल्हापूरहून एसटीने येतोय. राहणं, खाणं, फिरणं सगळं धरून १५ हजारांत बसवायचंय. दरवेळी कळंगुटला जातो आणि निम्मे पैसे टॅक्सीत जातात. म्हणून या वेळी पणजीत राहावं असं माझ्या मनात आहे. नवरा म्हणतो, तिथे नुसती ऑफिसं आणि कसिनो, तीन दिवस करायचं काय? सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने झेपत नाहीत. मासे मात्र सगळ्यांना हवेत. तिथलं कुणी सांगेल का?

मळेकरीण
ताई, नक्की या. कुडाळहून लग्न होऊन मी पणजीच्या मळा भागात आले त्याला २२ वर्षं झाली, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना अजून स्टँडवरून चालतच आणते. गोव्यात पैसा खातं ते अंतर. कदंबा स्टँडवर उतरून खाडी ओलांडली की मळा आणि फोंतायनश ही जुनी वस्ती आलीच. सासूबाईंसाठी आणि बॅगांसाठी तेवढी एक रिक्षा करा.

खोली मळ्यात नाहीतर मार्केटच्या बाजूला बघा. जुन्या घरांतल्या लॉजांचे जिने लाकडी आणि उभे असतात, त्यामुळे फोनवर आधी तळमजल्याचं विचारा, भाड्याचं नंतर. २० ते २८ नोव्हेंबरच्या आसपास येऊ नका, इफ्फी या चित्रपट महोत्सवामुळे खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग.

खाण्यात खूप वाचतं. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की खाली उतरा, सायकलवरच्या टोपलीतून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्या. नाहीतर मार्केटजवळच्या कुठल्याही जुन्या कॅफेत पातळ भाजी, पाव आणि गोड बन. दुपारी शीतकडी: उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशाची आमटी), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, कधी तिसऱ्या, वर सोलकढी. एवढ्यात पोट भरतं. तळलेला मासा वेगळा लावतात, तिथे जपा. गेल्या वर्षी माझ्या भावाने भाव न विचारता मोठा चोणक सांगितला, आणि त्या एका माशाचे पैसे आमच्या चार ताटांपेक्षा जास्त झाले. बांगडा घ्या, ताजा असतो आणि परवडतो. संध्याकाळी गाड्यावर रस ऑमलेट, म्हणजे ऑमलेटवर शागुतीचा, म्हणजे खोबऱ्याच्या मसाल्याचा, गरम रस्सा. मुलं पुन्हा मागतील.

आता 'करायचं काय' याचं उत्तर. पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या सासूबाईंना चढवू नका, खालच्या बागेतून चर्च जास्त छान दिसतं. वरची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टीन मठाच्या चर्चची आहे, तिथल्या पडक्या मनोऱ्याची. जुन्या गोव्याला जाल तेव्हा तो मनोरा मुलांना दाखवा, दोन जागा आपोआप जोडल्या जातील. नदीकाठी जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया या गोव्याच्या पाद्र्याचा पुतळा आहे, बाईवर संमोहन करतानाचा. फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मला आणि पॅरिसपर्यंत पोचला. माझी मुलगी लहानपणी त्या पुतळ्यासमोर हात पसरून उभी राहायची. सासूबाईंना महालक्ष्मीच्या देवळात न्या.

जुन्या गोव्याला स्टँडवरून बस आहे, रायबंदरमार्गे जाणारीच धरा. त्या वाटेवरचा लांब बांध १६३० च्या दशकातला आहे, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं. तिथल्या बॉम जेझुस चर्चला तिकीट नाही. मिरामारच्या किनाऱ्यालाही बसच धरा, फक्त आठनंतर परतीच्या बस विरळ होतात.

एक मनापासून सांगते. फोंतायनशची रंगीत घरं ही राहती घरं आहेत. आमच्या गल्लीतल्या एक आजी पूर्वी संध्याकाळी दाराच्या सोप्यावर बसून वाल सोलायच्या. फोटोवाले सोप्यावर बसू लागले, एकाने तर त्यांचा पाट उचलून बाजूला ठेवला. आता त्या आत बसतात आणि शिंपल्यांच्या तावदानाची खिडकी बोटभर उघडून रस्त्याकडे बघतात. तेव्हा सकाळी लवकर या, हळू बोला, रस्त्यावरूनच बघा. मुलांनाही सांगा.

बेतीकर
फेरीबोट राहिली! पणजीच्या धक्क्यावरून बेतीला, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. सूर्य मावळताना चढा, पलीकडे उतरून तसेच परत या. पणजीचे दिवे नदीतून बघायला मिळतात. क्रूझचे पैसे वाचतील.

सावंतवाडी_स्टँड
एसटीत बायकांना अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण धरून हिशेब करा.

रंकाळाकाठ
मळेकरीण ताई, तुमचं उत्तर नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. आता तोच खोलीसाठी फोन करतोय! नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी पोचतोय. सासूबाई विचारतात, नरकासुर बघायला मिळेल का?

मळेकरीण
मिळेल तर! पोरं महिनाभर आधीपासून कागद, गवत, रंग घेऊन बसलेली असतात. संध्याकाळीच वाड्यावाड्यांतून फेरी मारा, तेव्हा नरकासुराचे पुतळे उभे असतात, गर्दी कमी असते आणि सासूबाईंना जवळून बघता येतील. रात्री मोठमोठे स्पीकर लागतात, सहा वर्षांच्या लेकराला कानात घालायला कापूस आणा, आणि खोली रस्त्यापासून आतल्या बाजूची मागा. जाळतात पहाटे, उजाडायच्या आत. त्यानंतर घरोघरी फोव, म्हणजे पोहे: दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, बटाट्याचे. त्या सकाळी हॉटेल शोधत फिरू नका, आमच्याकडे या. मेसेज करा, पत्ता देते. आमचं दार तळमजल्यावर आहे, एकच पायरी.