हरकत आहे! मुल्ला सद्राचा काळ आणि क्षणोक्षणी नवं होणारं जग

नक्षत्रवेडा (धागाकर्ता)

'माझी काही हरकत नाही' असं आपण दिवसातून चारदा म्हणतो. मूळ अरबीत 'हरका' म्हणजे हालचाल, गती. सतराव्या शतकात शिराजच्या एका माणसानं याच शब्दावर विश्वाची मांडणी केली. सद्रुद्दीन शिराजी, म्हणजेच मुल्ला सद्रा (मृत्यू १६४०, हजला जाताना बसऱ्यात). त्याच्या सिद्धांताचं नाव 'हरका जौहरिय्या': गुणांची नव्हे, खुद्द द्रव्याची गती. हा 'जौहर' म्हणजे आपल्या जवाहिराचाच भाऊ.

माझा दावा असा: जग अनादि की निर्मित, या इस्लामी विचारातल्या जुन्या भांडणावर सगळ्यांत पटणारा तोडगा सद्राचा आहे. त्याचं बी मात्र सूफींच्या शेतातलं. आता हाणा.

आधी भांडण सांगतो. तत्त्वज्ञ इब्न सीनाच्या (९८०–१०३७) मते काळ म्हणजे गतीचं माप. जगाला आरंभ मानला की 'त्याच्या आधी काय' हे आलंच, आणि 'आधी' म्हटलं की पुन्हा काळ आला. म्हणून जग ईश्वरावर अवलंबून आहे खरं, पण ते नव्हतं असा काळ कधीच नव्हता. गझाली या धर्मपंडितानं १०९५ मध्ये 'तहाफुत' हा ग्रंथ लिहून तत्त्वज्ञांना वीस मुद्द्यांवर धारेवर धरलं. त्यातल्या तीन मुद्द्यांवर थेट कुफ्राचा (धर्मद्रोहाचा) शिक्का, आणि जगाचं अनादित्व हा त्यातला पहिला. त्याचं उत्तर मोठं चलाख आहे: सगळ्यांत बाहेरच्या आकाशगोलापलीकडे जसं 'वर' नसतं, तसं जगाच्या आरंभाला 'आधी' नसतं. तो 'आधी' आपल्या कल्पनेचा खेळ. काळ जगाबरोबरच निर्माण झाला.

दोघंही एका गोष्टीवर न बोलता सहमत आहेत. जग ही एकदा 'असली' की असणारी वस्तू आहे, प्रश्न फक्त कधीपासून एवढाच. सूफींनी नेमकं हेच धरून ओढलं. इब्न अरबी (जन्म मुर्सिया ११६५, मृत्यू दमास्कस १२४०) कुराणातलं 'खल्क जदीद', नवी निर्मिती, हे शब्द (५०:१५) घेतो आणि म्हणतो की जग श्वासागणिक नाहीसं होतं आणि नव्यानं येतं. 'रोज तो नव्या कार्यात असतो' (५५:२९) यातला दिवस म्हणजे ज्याचे आणखी तुकडे पडत नाहीत इतका छोटा क्षण. ईश्वर एकाच रूपात दोनदा प्रकट होत नाही. जग म्हणजे 'नफस अर-रहमान', दयाघनाचा निःश्वास, आणि त्या श्वासात उमटलेली अक्षरं म्हणजे विश्वाचे स्तर. अरबी अक्षरं २८, स्तर २८, चंद्राचे मुक्काम २८. (अभिजित धरलं तर आपली नक्षत्रंही २८. माझ्या नावाला जागून एवढं अवांतर.)

त्याचं आवडतं उदाहरण सबाची राणी बिल्किस हिच्या सिंहासनाचं. पापणी लवायच्या आत ते सबाहून सुलेमानाच्या दरबारात आलं. इब्न अरबी म्हणतो, आणलं वगैरे काही नाही. ते तिथे नाहीसं झालं आणि त्याच क्षणी इथे निर्माण झालं. सिंहासन काय, सगळंच सतत असं होत असतं. तिथे फक्त जागा बदलली म्हणून लोकांच्या लक्षात आलं.

आता सद्रा. कैरी पिकते तेव्हा रंग, चव, वास बदलतो. इब्न सीना म्हणणार, गुण बदलले, फळ तेच. सद्रा विचारतो: गुण ज्याच्या आधारावर उभे आहेत ते द्रव्य जागचं हललंच नाही, तर गुण हलले कशानं? बदलाचं सगळ्यांत जवळचं कारण स्वतः बदलतं असायला हवं. म्हणजे कैरीचं 'असणं'च वाहतं आहे. काळ हे त्या वाहण्याचं माप. प्रत्येक वस्तूला लांबी-रुंदी असते, तशी आतून एक काळाचीही लांबी असते. मग जग कधी सुरू झालं? त्याचा प्रत्येक अंश आधी नव्हता आणि आता झाला. सगळं जग निर्मित आहे, पण पहिला दिवस शोधायची गरज नाही.

---

शंकासूर

असहमत. प्रत्येक क्षण 'आधी नव्हता' म्हणून अख्खं जग 'आधी नव्हतं' हे कसं? दिंडीतला प्रत्येक वारकरी आळंदीत कुणाच्या तरी मागे चालत होता, म्हणून अख्खी दिंडी कुणाच्या मागे होती का? गझालीला पहिला दिवस हवा होता. सद्रानं त्याला घराची किल्ली मागितल्यावर भाडेकरार दिला, दर महिन्याला नवा. क्षणांची रांग मागे न संपणारीच राहिली, म्हणजे इब्न सीनाच जिंकला. फक्त शब्द गझालीचे वापरले.

आणि इब्न अरबीची ती नवनिर्मिती अश्अरी या धर्मशास्त्री पंथाकडून उचललेली आहे. अश्अरींच्या मते गुण दोन क्षण टिकत नाही, ईश्वर दर क्षणी नवा गुण घालतो. म्हणून आग कापूस जाळत नाही, ईश्वर जाळतो. कार्यकारणभावाचा पार फन्ना उडाला. (हा 'फन्ना'ही सूफींच्या 'फना'चाच, शब्दव्युत्पत्ती चालूच आहे तर.)

---

खडूफळा

सिंहासन तिथे नाहीसं, इथे हजर. म्हणजे टेलिपोर्टेशनचा शोधही आधीच लागला होता तर. हलकेच घ्या.

---

मध्यमा

लेख आवडला, पण एक मोठी गोष्ट राहिली. क्षणभंगवाद बौद्धांनी कितीतरी आधी, आणि कितीतरी काटेकोरपणे मांडला. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती आणि त्याच्या नंतरच्यांचा युक्तिवाद साधा आहे: जे आहे ते काहीतरी कार्य करतं. जे बदलत नाही ते ना क्रमानं कार्य करू शकतं, ना एकदम. म्हणून जे जे आहे ते ते क्षणिक. श्वास नको, ईश्वर नको, बिल्किस नको.

सूफी कवी रूमी (१२०७–१२७३) त्याच्या 'मसनवी' या काव्यात म्हणतो की श्वासागणिक जग नवं होतं आणि आपल्याला पत्ता नसतो. तिथेच तो जळतं कोलीत गरगरा फिरवल्यावर आगीची अखंड रेघ दिसते असा दाखला देतो. हे आपलं अलातचक्र! अद्वैती आचार्य गौडपादांच्या कारिकांचं चौथं प्रकरणच 'अलातशांती'. मग सूफींनी नवीन काय सांगितलं?

---

नक्षत्रवेडा

@मध्यमा, कोलीत सारखं, पण ते फिरवणारा हात? बौद्धांकडे क्षणामागे कुणी नाही, मागचा क्षण पुढच्याचं कारण होतो आणि विझतो. इब्न अरबीकडे दोन क्षणांत एकमेकांना जन्म देण्याची ताकदच नाही. दोन्ही एका स्रोतातून येतात आणि तो स्रोत कधी पुनरुक्ती करत नाही, म्हणून क्षण वेगळे. तुमच्याकडे क्षणिकता हे टिकाऊपणा नाकारण्याचं हत्यार आहे. त्याच्याकडे ती उधळपट्टी आहे, देणाऱ्याकडे इतकं आहे की तेच ते दोनदा द्यावं लागत नाही. माझ्या कानाला ज्ञानेश्वरांचं 'नित्यनूतन' याच्या जास्त जवळचं वाटतं. पण उसनवारी झाली असं मी म्हणत नाही. त्याला काही आधार नाही.

@शंकासूर, अश्अरींबद्दल इब्न अरबीनं स्वतःच आपल्या 'फुसूस' या ग्रंथात, शुऐब पैगंबराच्या प्रकरणात, हिशेब केला आहे. अश्अरींना गुणांपुरतं कळलं, पण गुणांखाली टिकणारं द्रव्य त्यांनी ठेवलंच. खरं तर द्रव्य म्हणजे त्यांच्याच व्याख्येनं गुणांचा गठ्ठा, मग गठ्ठा टिकला कसा? तेव्हा नुसती उचल नाही, उचलून पुढे नेलं.

दिंडीचा दाखला मात्र लागला. त्यावर विचार करतो.

---

दर्याकिनारा

थोडं वेगळं बोलतो. आमच्याकडे घरात कुराण रोज वाचलं जातं. ५०:१५ चा संदर्भ साफ आहे: पहिल्यांदा निर्माण करून आम्ही थकलो का? मग मेल्यावर पुन्हा उठवण्याबद्दल यांना शंका का? ती आयत कयामतबद्दल आहे, श्वासागणिक नव्या जगाबद्दल नाही. सूफींचं वाचन सुंदर असेल, पण ते 'कुराण असं म्हणतं' म्हणून सांगू नका, 'इब्न अरबी असं वाचतो' म्हणा.

दुसरं. हदीस आहे की 'दह्रला (काळाला) शिव्या देऊ नका, अल्लाहच दह्र आहे'. बहुतेक आलिमांनी तिचा अर्थ असा घेतला की काळाच्या नावानं बोटं मोडू नका, कारण घडवणारा अल्लाह आहे. इब्न अरबीनं दह्र हे थेट ईश्वराचं नावच धरलं. इतकी मोठी उडी घेताना माणसानं खाली बघायला हवं.

---

तापीकाठ

हे सगळं मुर्सिया-शिराजचं वाटतंय, पण आपल्या अंगणातून गेलंय. बुऱ्हाणपूर, जुन्या खानदेश सल्तनतीची राजधानी. तिथल्या मुहम्मद इब्न फज्लुल्लाहनं १५९० मध्ये 'तुहफा अल-मुरसला' नावाची चिमुकली अरबी पुस्तिका लिहिली. असण्याच्या सात पायऱ्या: निर्गुण एकत्वापासून आत्म्यांचं जग, प्रतिमांचं जग, शरीरांचं जग आणि शेवटी माणूस. ही पुस्तिका जहाजातून थेट सुमात्रात पोचली आणि तिथल्या शम्सुद्दीननं तिच्यावर आपली मांडणी केली. मग १६३७ मध्ये गुजरातेतल्या रांदेरचा नूरुद्दीन रानीरी सुमात्रातल्या आचेला गेला. शम्सुद्दीनच्या परंपरेला त्यानं पाखंड ठरवलं आणि पुस्तकांची होळी झाली. तापीकाठच्या दोन माणसांच्या विचारांची कुस्ती, आखाडा सुमात्रात!

आणि सगळे सूफी इब्न अरबीच्या मागे होते असं समजू नका. गुलबर्ग्याचे गेसूदराज (मृत्यू १४२२) त्याचे कडक टीकाकार. त्यांचं बालपण दौलताबादेत गेलं, वडिलांची कबर खुलताबादला आहे. तेव्हा या कल्पनेला सरसकट 'सूफींची' म्हणणं चूक.

---

शंकासूर

@तापीकाठ, या प्रतिसादासाठी धागा वसूल. स्वतंत्र लेख लिहाच.

---

नक्षत्रवेडा

@दर्याकिनारा, पहिली दुरुस्ती मान्य. मी तो फरक पुसला, तो पुसायला नको होता. दह्रबद्दल एवढंच की तत्त्वज्ञांच्या भाषेत त्या शब्दाला नेमका अर्थ होता. बदलत्याचं बदलत्याशी नातं म्हणजे 'जमान', अचलाचं बदलत्याशी नातं म्हणजे 'दह्र', अचलाचं अचलाशी 'सर्मद'. सद्राचा गुरू मीर दामाद (मृत्यू १६३१) तर जगाचं आधी 'नसणं' दह्रमध्ये ठेवतो, म्हणजे पहिल्या दिवसाचा घोळच नको. सद्राला ते पटलं नाही. त्याला निर्मिती याच वाहत्या जमान्यात हवी होती.

@तापीकाठ, सरसकटपणाचं खरं. उलट इब्न अरबी आणि सद्रा यांच्यातही जो फरक आहे तो मी वर नीट सांगितला नाही. इब्न अरबीचं जग कपडे बदलतं: जुना उतरवला, नवा चढवला, मध्ये उघडेपण. सद्राच्या परंपरेत म्हणतात 'लब्स बादा लब्स', वस्त्रावर वस्त्र. आधीचं जात नाही, पुढच्यात मुरतं. कैरी नष्ट होऊन आंबा येत नाही. म्हणून आत्मा शरीरातून सुरू होऊन शरीरापलीकडे पिकतो असं सद्रा म्हणू शकतो. इब्न अरबीच्या तुटक क्षणांत हे पिकणं बसवणं अवघड आहे. शंकासूर यांच्या कार्यकारणभावाच्या तक्रारीला उत्तर मिळालं तर ते इथे मिळेल, बिल्किसच्या सिंहासनाशी नाही.

---

खडूफळा

आता गंमत बाजूला. मी भौतिकशास्त्र शिकवतो. 'वस्तूला काळाची लांबी असते' वाचून कुणी आइनस्टाइन आधीच सांगून गेला म्हणायच्या आत थांबवतो. सापेक्षतेतून निघणाऱ्या चौमितीच्या चित्रात काल, आज, उद्या सगळं एकदम मांडलेलं असतं, वाहणं कुठेच नसतं. सद्राला तर वाहणंच हवंय. शब्द जुळले, गाभा उलटा.

---

शंकासूर

खडूफळा यांच्या खांद्याला खांदा लावून एक शेवटचं. प्रत्येक वस्तूचा काळ तिच्या आतला असेल, तर कैरीचा काळ आणि माझा काळ एका मापात कसे येतात? 'परवा पिकेल' म्हणताना परवा कुणाचा? सद्राकडे उत्तर होतं: सगळ्यांत बाहेरचा आकाशगोल, त्याच्या वाहण्यावर सगळ्यांचं माप. तो गोल आता राहिला नाही. सद्रा हयात असतानाच गॅलिलिओ दुर्बीण लावून बसला होता. गोल काढून घेतल्यावर या तोडग्याचं काय उरतं?

---

नक्षत्रवेडा

हा घाव खरा आहे. माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. थोडा वेळ द्या.

---

शंकासूर

देतो. कोणत्या द्रव्याचा?