अनुभव धागा: कोकणातून रेणूंच्या अभ्यासाकडे

जैवभौतिकी, प्रथिनांची रचना, रेणूंचं रसायन अशा विषयांत वर्षानुवर्षं काम करणारी कोकणातली माणसं आहेत, पण इथल्या अकरावी-बारावीच्या मुलांना त्यांचा पत्ताच नसतो. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत जे कोणी या वाटेला गेले, त्यांनी लिहावं. पदव्या नकोत, रोज हाताने काय करता ते सांगा. सुरुवात मी करते.

महाड तालुका
आमच्याकडे लाकडं उपसताना, गडग्याचे दगड हलवताना लाल विंचवाची भीती कायम. पूर्वी विंचू चावलेली पोरं हृदय थकून, फुप्फुसात पाणी होऊन जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून हे मृत्यू खूप खाली आणले. औषध सापडलं, तरी विष शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

हृदयावरचा घाला मुख्यतः सोडियम वाहिन्यांवर, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या सोडियम आत सोडणाऱ्या दारांवर, काम करणाऱ्या विषांचा. पण त्याच विषात आयबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिनही असतं. ते पोटॅशियमच्या एका मोठ्या वाहिनीच्या बाहेरच्या तोंडावर बुचासारखं बसतं. हे बघायचं ते पॅच क्लॅम्पने, म्हणजे वाहिनीतून जाणारा विजेचा प्रवाह मोजून. नेहेर आणि साकमान यांनी १९७६ साली दाखवलेली ही पद्धत, त्यांना १९९१ चं नोबेल मिळालं. काचेच्या नळीचं टोक एखाद्या मायक्रोमीटरचं. ते पेशीला टेकवून अगदी हलकं ओढायचं. टेबल जरा हललं तरी पेशी गेली. नळी पेशीला घट्ट चिकटली की पडद्यावरची रेघ वर उडते, खाली येते: वाहिनीचा एकच रेणू उघडतोय, मिटतोय, आणि प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अगदी सूक्ष्म. मग विष सोडायचं. रेघ सपाट होते आणि बराच वेळ तशीच राहते. एका रेणूचं वागणं असं समोर दिसतं, म्हणून मी या कामात राहिले. त्यासाठी वाया गेलेल्या दुपारींबद्दल मला काही वाटत नाही.

रत्नागिरी
मी शिणाण्यांवर, म्हणजे कातळाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवर, काम करतो. ओहोटीला कातळावरून ती ओढून काढताना जोर किती लागतो, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक. ती ज्या धाग्यांनी चिकटतात, त्या प्रथिनांत टायरोसिनला एक हायड्रॉक्सिल गट जादा जोडलेला असतो. तेच डोपा. ओल्या दगडालाही ते धरून ठेवतं, आपले बाजारातले गोंद तिथे हरतात. अडचण अशी की शुद्ध करताना हेच डोपा हवेतल्या ऑक्सिजनने बिघडतं, म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवावं लागतं.

सिंधुदुर्ग, महाविद्यालयात शिकवते
पीएचडीनंतर गावी परतले. फेलोशिपचे पैसे कित्येक महिने रखडायचे, घरून मागायची वेळ यायची. हे मुलांना आधीच सांगायला हवं. आता इन्फ्रारेड तपासणीसाठी, म्हणजे पदार्थ कुठला अवरक्त प्रकाश शोषतो ते बघायला, पोटॅशियम ब्रोमाइडची चकती करते. जुलैत ती हवेतली ओल खाते, बघता बघता धूसर होते आणि पाण्याचा रुंद पट्टा सगळ्या आलेखावर बसतो. भुकटी ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमधून (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातून) काढून लगेच दाबली तरच निभावतं. उपकरणांच्या पुस्तकांत आपला पावसाळा धरलेलाच नसतो, याचा मला खरंच राग येतो.

देवगड, बारावी सायन्स
मला हे करायचंय, पण फिजिक्स घ्यावं की केमिस्ट्री?

महाड तालुका
गणित सोडू नकोस, बाकी दोन्ही चालतील. जी. एन. रामचंद्रन मूळचे भौतिकीचे, आणि मद्रासला बसून त्यांनी कोलॅजेन या कातडी-हाडांतल्या प्रथिनाची तिहेरी मळसूत्री रचना मांडली. प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते, याचा १९६३ चा त्यांचा आलेख आम्ही अजून रोज वापरतो. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा बघून ठेव. ती राहिली तर बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा आहेच.