मदत हवी आहे: ज्वारीच्या स्टार्चच्या डीएससी आलेखातला खरा पीक (शिखर) कुठला?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मालदांडी ज्वारीतून स्टार्च काढलाय. दुसऱ्या दिवशी भाकरी कडक का होते, यावरून विषय सुचला. पहिले डीएससी रन (नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो हे मोजणारी चाचणी) झाले, पण आलेखाचा अर्थ लागत नाहीये.

उपकरणाच्या छोट्याशा पॅनमध्ये ३ मिग्रॅ स्टार्च (ओलावा १२ टक्के) आणि ३ मायक्रोलिटर पाणी. सील करून रात्रभर ठेवलं, मग २५ ते १२० अंश, मिनिटाला १० अंश.

७० अंशांना मोठा पीक येतो, पण उजवीकडे ८८ पर्यंत त्याला खांदा आहे. मग ९८ च्या आसपास एक बारीक उंचवटा. तोच पॅन थंड करून परत तापवला तर ७० चा पीक पूर्ण गायब, ९८ चा मात्र तसाच. तिसऱ्या पॅनमध्ये तर १०४ ला एकदम सुळका आला.

सॉफ्टवेअर एन्थाल्पी (पीकमध्ये शोषलेली उष्णता) ५.० जूल प्रति ग्रॅम दाखवतं. वाचलेल्या पेपरांत याच्या दुप्पट आकडे आहेत. काढताना माझा स्टार्च खराब झाला का? तीन आठवडे धुऊन-वाळवून जेमतेम ४० ग्रॅम हाताला लागलाय, म्हणून फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद १

ताई, स्टार्च चांगला आहे. आधी आकडेमोड बघा. सॉफ्टवेअरने अख्ख्या ६ मिग्रॅने भागलंय. ५ गुणिले ६ म्हणजे ३० मिलीजूल. कोरडा स्टार्च २.६४ मिग्रॅ, म्हणजे ११.४ जूल प्रति ग्रॅम. तृणधान्याच्या स्टार्चला हे अगदी शोभणारं आहे.

खांदा पाण्याच्या कमतरतेचा. स्टार्चमधला ओलावा धरूनही तुमचं पाणी ५६ टक्केच भरतं. काही स्फटिक पाणी मिळाल्यामुळे ७० ला विरघळतात, उरलेल्यांना पाणी पुरत नाही, ते वरच्या तापमानाला वितळतात. पाणी ७० टक्क्यांच्या वर न्या, एकच पीक राहील.

९८ चा उंचवटा अमायलोज (स्टार्चमधली सरळ साखळी) आणि स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) यांच्या जोडीचा. थंड झाल्यावर ती जोडी पुन्हा जुळते, म्हणून दुसऱ्या रनलाही दिसते. जिलेटिनायझेशन (पाण्यात तापून स्टार्चचे स्फटिक मोडणं) मात्र परत फिरत नाही, म्हणून ७० चा गेला.

१०४ च्या सुळक्याबद्दल: रननंतर पॅनचं वजन केलंत का?

धागाकर्ती

आत्ताच केलं, ०.४ मिग्रॅ कमी भरलं! भिंगाखाली पाहिलं तर काठावर स्टार्चचा कण अडकून सील नीट बसलेलं नाही.

प्रतिसाद १

मग तो सुळका निसटलेल्या वाफेचा, तो पॅन सोडून द्या. पाण्याची बाष्पीभवनाची उष्णता ग्रॅमला सुमारे २२५७ जूल, म्हणजे ०.४ मिग्रॅचेच ९०० मिलीजूल झाले. तुमचा खरा पीक जेमतेम ३० मिलीजूलचा. पुढे दर पॅनचं वजन रनच्या आधी आणि नंतर टिपा.

आणि भाकरीचं उत्तर ७० ला शोधू नका. जिलेटिनाइझ झालेले पॅन ४ अंशांना सात दिवस ठेवा आणि परत तापवा. ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान जो बुटका, पसरट पीक उगवेल, तो पुन्हा स्फटिक झालेल्या अमायलोपेक्टिनचा (स्टार्चमधली फांद्यांची साखळी). कडकपणा तिथे मोजता येईल.

धागाकर्ती

मनापासून आभार! उद्या ३ मिग्रॅला ९ मायक्रोलिटर पाणी घेऊन सहा पॅन लावते. काठ आधी कोरड्या ब्रशने पुसून घेईन. सात दिवसांनी आलेख इथेच टाकते.