मदत हवी आहे: लांबलेल्या कोरड्या काळानंतर कुरणातला नत्र कधी आणि कसा मोजावा?

कापणीच्या, खत दिल्या जाणाऱ्या कुरणात दुष्काळानंतर पाऊस पडला की जमिनीतला नत्र एकदम मोकळा होतो. कोरड्यात मेलेले सूक्ष्मजीव आणि साठलेले सेंद्रिय पदार्थ ओल मिळताच विघटित होतात. गवताची मुळं मात्र अजून सावरलेली नसतात. त्यामुळे नायट्रेट (नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप) खाली झिरपतं. मातीच्या पोकळ्या साधारण ६० टक्क्यांपेक्षा जास्त पाण्याने भरल्या तर विनत्रीकरण (सूक्ष्मजीवांनी नायट्रेटचं वायूत रूपांतर करणं) वाढून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू उडतो. हवामान बदलामुळे असे कोरडे-ओले हेलकावे वाढत असताना हा तोटा नीट मोजणं फार गरजेचं वाटतं.

ठरवलेली पद्धत: ०–१० आणि १०–३० सेंमी थरांचे नमुने बर्फात ठेवून आणायचे आणि न वाळवता चाळायचे (वाळवलं की अमोनियम, म्हणजे नत्राचं दुसरं रूप, वाढतं आणि आकडा फसवा येतो). मग नायट्रेट आणि अमोनियम द्रावणात उतरवण्यासाठी २० ग्रॅम ओली माती १०० मिली पोटॅशियम क्लोराइडच्या २ मोलर (तीव्रतेच्या) द्रावणात तासभर हलवून गाळायची. गाळणकागदातूनही अमोनियम येतं, म्हणून सोबत कोरा नमुना (माती न घालता गाळलेलं तेच द्रावण) हवाच. मातीतला ओलावा वेगळा नमुना १०५ अंश सेल्सिअसवर वाळवून काढायचा.

अडचण वेळेची आहे. पावसाआधी, नंतर २४ तासांनी, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी नमुने घेतले तर मोकळ्या झालेल्या नत्राचं शिखर (सर्वांत जास्त प्रमाण) निसटेल का? कुरणात कुठे जनावरांच्या शेण-मूत्राचे डाग असतील तर ते टाळावेत की वेगळे मोजावेत? आणि खताचा नत्र व मातीतून सुटलेला नत्र वेगळा ओळखायला बिनखताचा पट्टा पुरेल, की नत्र-१५ (नत्राचा जड, ओळखता येणारा समस्थानिक) लावलेलं खतच वापरावं लागेल?