साथ नसतानाही नागपुरात विषाणूंचं जिनोम सिक्वेन्सिंग चालू ठेवावं का?

बर्डीकर
परवा धरमपेठेत नातेवाइकांकडे जिनोम सिक्वेन्सिंगचा, म्हणजे विषाणूची सगळी जनुकीय अक्षरं ओळीने वाचण्याचा, विषय निघाला. घरातले डॉक्टर म्हणाले, "सिक्वेन्सिंग म्हणजे साथीचं शवविच्छेदन. माणसं गेल्यावर कारण कळतं. तोच पैसा वॉर्डांना द्या." मला ते पटलं नाही, आणि तेव्हा नीट उत्तरही देता आलं नाही. म्हणून इथे मांडतो.

माझं म्हणणं एवढंच की नागपुरात दर आठवड्याला थोडे तरी नमुने वाचले जावेत, साथ असो वा नसो, आणि निकाल आठवड्याच्या आत इथल्याच आरोग्य विभागाच्या हाती पडावा.

करोनाच्या आरएनएत, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुरात, सुमारे ३० हजार अक्षरं असतात. विषाणू स्वतःच्या नकला काढत पसरतो आणि त्यात अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. ज्या चुका टिकतात त्या महिन्याला साधारण दोन, आणि त्या पुढच्या सगळ्या नकलांमध्ये उतरतात. रिद्धपूरच्या महानुभाव पोथ्या अभ्यासणारे दोन प्रतींत एकाच ओळीत एकच चूक दिसली की त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या असाव्यात असं धरतात. इथेही तसंच. चुका जुळवत गेलं की साथीची वंशावळ लागते.

आता फेब्रुवारी २०२१ आठवा. अमरावतीत रुग्ण भराभर वाढले, यवतमाळ आणि अकोल्यातही वाढले, मग आपली पाळी आली. १५ मार्चला नागपुरात कडक लॉकडाऊन लागला. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही म्युटेशन, म्हणजे अशाच टिकलेल्या दोन चुका, वाढल्याचं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं ते २४ मार्चला. त्याच कुळातल्या एका शाखेला पुढे ३१ मे रोजी डेल्टा हे नाव मिळालं. आपण दारं आधी लावली, कोणाविरुद्ध ते नऊ दिवसांनी कळलं. हे नऊ दिवस मला उलटे करून हवे आहेत.

रात्रपाळी
भाऊ, तुम्ही नऊ दिवसांचं बोलून राहिले. एप्रिल २०२१ मध्ये मी कोविड वॉर्डात परिचारिका होते. रुग्णालयाचं नाव घेत नाही. ऑक्सिजनचा दाब उतरला की आम्ही सगळ्या आधी सिलिंडरच्या काट्याकडे धावायचो. समोरच्याला डेल्टा आहे की आणखी काही, हे कळून माझ्या हातून एकही गोष्ट वेगळी झाली नसती. तोच ऑक्सिजन, तेच स्टेरॉइड, तेच पालथं झोपवणं.

तुमचे नऊ दिवस तुम्हाला मिळाले असते, तर त्या नऊ दिवसांत कोणी काय केलं असतं? ते आधी सांगा. अमरावतीचे रुग्ण तर रोज पेपरात येत होते. ते आकडे पाहून जे हलले नाहीत, ते ई४८४क्यू वाचून हलले असते?

हिंगण्याचा_मास्तर
ताईंच्या प्रश्नाला माझा एक जोडतो. २०२० च्या एप्रिल-मे मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा ही नावं कशी उच्चारली जायची, आठवा. भाजीवाल्याला आधी पत्ता विचारायचे. तेव्हा नुसती पॉझिटिव्ह रुग्णांची यादी होती. उद्या "या वस्तीतून ही शाखा शहरभर गेली" असा नकाशा छापून आला, तर त्या वस्तीतल्या पोरांना शाळेत कोणी शेजारी बसू देईल?

देशांचंही हेच झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉन ओळखला आणि लपवाछपवी न करता जगाला सांगितलं. काही दिवसांतच त्यांची विमानं बंद झाली. खरं बोलणाऱ्याला अशी शिक्षा होत असेल तर पुढच्या वेळी कोण बोलेल?

पिपेट
मी अशाच एका प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे बर्डीकर दादांचं एक वाक्य आधी दुरुस्त करते. पोथीचा दाखला चांगला आहे, पण अपुरा. करोनात एका माणसातून दुसऱ्यात जायला पाचेक दिवस लागतात आणि टिकणारी चूक सरासरी दोन आठवड्यांत एक. म्हणजे एका घरातल्या चौघांचे विषाणू बरेचदा अक्षर न् अक्षर सारखे निघतात. कोणी कोणाला दिला, हे नुसत्या जिनोमवरून ठरत नाही. दोघांचे विषाणू वेगळे निघाले तर "याने त्याला दिला नाही" हे मात्र बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. मास्तर, वस्तीवरचा आळ खोडायलाही हीच पद्धत उपयोगी पडते.

दुसरं, निवड. फक्त विमानतळावरचे नमुने वाचले तर सगळी साथ परदेशातूनच आल्यासारखी दिसणार. इन्साकॉग, म्हणजे सिक्वेन्सिंग करणाऱ्या प्रयोगशाळांचं देशभरातलं सरकारी जाळं, डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं तेव्हा पाच टक्के पॉझिटिव्ह नमुने वाचायचं ठरलं होतं. ते जमलं नाही. यंत्रं आणि रसायनं कमी पडली हे खरंच, पण नमुन्यासोबत तारीख आणि वस्ती नीट लिहून न येणं हेही तितकंच नडतं. त्याविना जिनोम म्हणजे पत्ता नसलेलं पत्र.

आणि काही वेळा याच कामाने दिशा दिली आहे. २०१४ मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या ७८ रुग्णांमधले ९९ जिनोम वाचले गेले. साथ पुन्हापुन्हा प्राण्यांतून येत नसून एकदा आलेली माणसांतून माणसांत जाते आहे, हे त्यातून दिसलं. म्हणजे जोर रुग्णांच्या संपर्कांवर आणि अंत्यविधींवर द्यायला हवा. तो अभ्यास छापून येण्याआधी त्यातले पाच सहकारी इबोलानेच गेले. याला कोणी शास्त्रज्ञांचा छंद म्हणालं की मला फार लागतं.

काटोल_रोड
आपल्या दाराशी काय आहे ते बघा. चांदीपुरा विषाणूला नाव आपल्याच जिल्ह्यातल्या गावाचं, १९६५ मध्ये तिथल्या रुग्णांत सापडला म्हणून. २००३ मध्ये आंध्रात त्याने शंभरावर मुलं नेली. ताप आल्यावर दोन दिवसांत मूल हातचं जातं. तो वालुमाशी चावून पसरतो. त्यावर उपाय म्हणजे भिंतींच्या भेगा लिंपणं, फवारणी, आणि मुलाला वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचवणं. वालुमाशीला जिनोम कळत नाही. गावात फवारणीचा पंप नादुरुस्त पडला असताना मी सिक्वेन्सिंगच्या यंत्रासाठी हात वर करणार नाही.

बर्डीकर
काटोल रोड, पंप आधी. यावर वाद नाही. पण इतक्या वर्षांत तो विषाणू बदलला का, हे जुन्या-नव्या नमुन्यांचे जिनोम शेजारी ठेवल्याशिवाय कसं कळणार? चाचणीही त्याच्या जिनोमच्या ठराविक तुकड्यावर बेतलेली असते. तो तुकडाच बदलला तर चाचणी रोग असून नाही म्हणेल.

मास्तर, सांडपाण्याचा विचार करा. नीरी या इथल्या पर्यावरण संशोधन संस्थेने ते काम नागपुरातच केलं आहे. गटारातल्या पाण्यात हजारो लोकांचे अंश मिसळलेले असतात, त्यात कोणाचं नाव नसतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. वेगाने पसरणारी शाखा शेजारच्या जिल्ह्यात आली, हे नऊ दिवस आधी कळलं असतं तर ऑक्सिजनचा साठा नऊ दिवस आधी मागता आला असता. मागितला असता का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हिंगण्याचा_मास्तर
सांडपाण्यात माणसाचं नाव नसतं, पण नाला कोणत्या वस्तीतून येतो हे सगळ्या शहराला ठाऊक असतं. शहरभराचा एकच आकडा जाहीर करणार असाल, वस्तीवार तपशील फक्त आरोग्य खात्याकडे राहणार असेल, तर माझा विरोध मी मागे घेतो. त्याआधी नाही.

रात्रपाळी
मग हे लिहून घ्या. निकाल आला त्या दिवशी तो फक्त पुण्या-दिल्लीला न जाता वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेलाही यावा, आणि त्याखाली एक ओळ असावी: उद्यापासून किती सिलिंडर जास्त. ती ओळ असेल तर तुमच्या नमुन्यांवर तारीख आणि वस्ती मी स्वतः लिहीन. रात्री तीनला घेतलेल्या स्वॅबवरसुद्धा.

पिपेट
ताई, अक्षर सुवाच्य काढा आणि स्वॅब बर्फात पाठवा. बाकीचं आमच्याकडे लागलं.